फंड तोच, नाव खरं

दारव्ह्यात सत्यशीला नगराळेला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण होतं, आणि संध्याकाळी तिची वाट पाहणारं माणूस एकही नव्हतं. वडील भीमराज गुरुजी प्राथमिक शाळेत मास्तर होते. आई लवकर गेली, धाकटा भाऊ रवी शिकून नागपूरला नोकरीला लागला, आणि गुरुजींचा दमा तेवढा सत्यशीलाच्या वाट्याला आला. स्थळं येत होती तेव्हा गुरुजींना पाठीला उशा लावून बसवावं लागे. त्यांना सोडून कुठं जाणार? गुरुजी गेले तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची होती. स्थळं येणं त्याच्या कितीतरी आधी थांबलं होतं.

पोटापुरतं तिनं स्वतःच उभं केलं होतं. पोस्टाच्या आर.डी.ची एजन्सी होती. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात ती छत्री घेऊन घरोघर फिरायची. शिक्षकांच्या बायका, तहसीलमधले कारकून, एसटीतले ड्रायव्हर-कंडक्टर, कापसाच्या जिनिंगमधले मुनीम, सगळ्यांच्या ओट्यावर तिला पाण्याचा पेला मिळायचा. मग पोस्टाचं कमिशन कमी झालं. कोणीतरी म्हणालं, म्युच्युअल फंडाची परीक्षा द्या. पंचेचाळिसाव्या वर्षी ती अमरावतीला जाऊन परीक्षा देऊन आली. पहिल्यांदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास. दारव्ह्यात तेव्हा हे काम करणारी बाई ती एकटीच.

कंपनीतर्फे यवतमाळच्या एका हॉटेलात प्रशिक्षण झालं. शिकवायला मंदार नावाचा तरुण अधिकारी आला होता, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. त्यानं पडद्यावर तराजूचं चित्र दाखवलं. एका पारड्यात शेअर, दुसऱ्यात रोखे. खाली नाव, बॅलन्स्ड फंड.

"रिटायर्ड लोकांना हाच द्या, मॅडम," मंदार म्हणाला. "दर महिन्याला डिव्हिडंड येतो. बँकेच्या व्याजापेक्षा जास्त. ह्याच्याएवढं सोपं दुसरं काही नाही."

सत्यशीला मास्तराची मुलगी. बॅलन्स्ड म्हणजे संतुलित हे तिला लगेच कळलं. पाचवीच्या पुस्तकात संतुलित आहाराचा धडा होता: थोडा भात, थोडी डाळ, थोडी भाजी. तसंच हे. गावात परत आल्यावर तिनं लोकांना तसंच सांगितलं. "बँकेसारखंच समजा," हे वाक्य तिनं किती ओट्यांवर म्हटलं असेल, तिचं तिलाच सांगता आलं नसतं. महिन्याच्या महिन्याला लोकांच्या खात्यात रक्कम पडू लागली. लोक तिला बसायला खुर्ची देऊ लागले.

कुंदाताई देशकरांकडे ती पहिल्यांदा गेली ती कामासाठीच. कुंदाताई तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या. यजमान नीळकंठराव जिल्हा परिषदेत होते. ते गेले आणि त्यांचे पैसे बँकेत नुसते पडून होते. मुलगी मिताली पुण्याला. सत्यशीलानं फॉर्म भरले, सह्या घेतल्या, आणि उठली, तर कुंदाताई म्हणाल्या, "चहा टाकलाय. घेऊन जा."

पुढच्या आठवड्यात एक कागद राहिला म्हणून ती पुन्हा गेली. त्याच्या पुढच्या आठवड्यात कागद नव्हता, तरी गेली. मग रोजचंच झालं. दुपारी साडेचारला कुंदाताई वेलदोडा ठेचायच्या. मागच्या अंगणात कण्हेरीजवळ दोन खुर्च्या. बोलणं फार मोठं नसायचं. मितालीचा फोन आला का, तुरीची डाळ काय भाव झाली, शेजारच्यांनी भिंत कशी पुढं सरकवली. कधी दोघी गप्पच बसायच्या. तास-सव्वा तासानं सत्यशीला उठायची आणि घरी जाऊन दिवा लावायची. चार वर्षं असं चाललं.

आणि मग ते परिपत्रक आलं.

सेबी, म्हणजे शेअर बाजारावर आणि म्युच्युअल फंडांवर देखरेख ठेवणारी संस्था, तिनं २०१७ च्या ऑक्टोबरात नियम काढला. तोवर कंपन्या एकाच जातीचे चार-चार फंड वेगवेगळ्या गोंडस नावांनी विकायच्या, आणि नावावरून आत काय आहे ते माणसाला कळायचं नाही. आता प्रत्येक फंडाला ठरलेल्या वर्गातच बसावं लागणार होतं. एका वर्गात एका कंपनीचा साधारण एकच फंड. आणि नाव असं पाहिजे की फसगत होऊ नये. पुढच्या उन्हाळ्यात कंपन्यांची पत्रं निघाली. सत्यशीलाला ते ईमेलवर आलं. तिनं नेटकॅफेतून छापून घेतलं आणि घरी पंख्याखाली वाचायला बसली.

तिचा बॅलन्स्ड फंड आता बॅलन्स्ड राहिला नव्हता. त्याचं नवं नाव ॲग्रेसिव्ह हायब्रिड. गुरुजींचा जुना शब्दकोश तिनं काढला. ॲग्रेसिव्ह: आक्रमक, चढाऊ, भांडणाला आधी तोंड फोडणारा.

तिनं पत्र पुन्हा वाचलं. शेअर कमीत कमी पासष्ट टक्के, जास्तीत जास्त ऐंशी. मग जुनी माहितीपत्रकं काढली, चार वर्षांची. तिथंही बारीक अक्षरात तेच होतं. सत्तर, बहात्तर, पंचाहत्तर. फंड पहिल्यापासून असाच होता. तिनं ते पान कधी उघडलंच नव्हतं. तिनं तराजू पाहिला होता.

तिनं मंदारला फोन लावला.

"मॅडम, टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला. "फंड तोच आहे. फक्त नाव बदललं."

"मंग आधीचं नाव कायचं होतं?"

मंदार हसला. "ते सगळ्याच कंपन्यांत होतं. तुम्ही क्लायंटला फार सांगत बसू नका. पत्र घरी जाईलच."

"इंग्रजीत जाईन. कोण वाचन थे?"

"तेच तर म्हणतो मी, मॅडम."

फोन ठेवून तिनं खातेदारांची यादी काढली. असं नव्हतं की कोणाचं काही बुडालं होतं. उलट बाजार चढा होता, सगळ्यांचे पैसे वाढले होते. गप्प बसली असती तर दारव्ह्यात कोणाला कळलंही नसतं. पण लोकांनी जे घेतलं ते तिच्या शब्दावर घेतलं होतं, आणि तिचा शब्द चुकला होता. ज्यांना पैसे काढायचे त्यांना तीस दिवसांत काढता येणार होते, काही कापलं जाणार नव्हतं. सत्तेचाळीस घरं होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं छत्री घेतली.

पहिल्याच घरी निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कमिशन खाताना नाही आठवलं हे?" तिनं मान खाली घातली. दुसऱ्या घरी बाई रडायला लागल्या. पैसे बुडाले असंच त्यांना वाटलं. तिसऱ्या घरी जावयानं सांगितलं, आता आमचं आम्ही मोबाइलवर पाहून घेऊ. काहींनी तर ऐकूनच घेतलं नाही. "महिन्याले येते ना? मंग झालं," म्हणाले आणि टीव्हीकडे वळले. तिनं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वर्गांचे कप्पे आखून नेले होते: हा शेअरचा, हा रोख्यांचा, हा मिसळीचा, आणि मिसळीतही हा तिखट आणि हा सौम्य. तो कागद पुष्कळ ठिकाणी उघडलाच गेला नाही.

नीट ऐकणारा एकच भेटला, तांड्यावरचा खेमसिंग राठोड. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर होता. बायकोनं "आव, बेस" म्हणत खाट टाकली. खेमसिंगनं चष्मा लावून कप्पे पाहिले.

"बाई, गाडी तीच हाये ना?"

"तीच हाये."

"फक्त बोर्ड बदलला."

"हो. पण आधीचा बोर्ड चुकीचा होता, भाऊ. अन् थो म्या लावला."

खेमसिंगनं चष्मा काढून पुसला. "तुम्ही कायले लावता? डेपोतून जो भेटला थो तुम्ही लावला. मले इतकंच सांगा, गाडी घाटातून जाते का सपाटीनं?"

"घाटातून."

"मंग अर्धी आनजा इकडं सपाटीवर. अर्धी राहू द्या. मी घाटात लय गाडी चालवली, मले भेव नाही वाटत. पण बायकोले उलटी होते."

त्या महिन्यात ती एवढ्या एकाच ठिकाणी हसली.

कुंदाताईंकडे मात्र ती सगळ्यांत शेवटी गेली. म्हणजे रोज जातच होती, चहा रोजचाच होता. पण हा विषय काढायला तीस दिवसांतले बावीस दिवस गेले. त्या दिवशी कुंदाताईंनी कप हातात दिला तेव्हा ती म्हणाली, "कुंदाताई, एक सांगाचं होतं."

तिनं सगळं सांगितलं. नवं नाव, कप्प्यांचा कागद, पंचाहत्तर टक्के, जुनं पत्रक, सगळं. "मी तुम्हाले बँकेसारखंच समजा म्हटलं होतं. थे चुकीचं होतं."

कुंदाताईंनी कप खाली ठेवला. "पैसे बुडाले का?"

"नाही, वाढले हायेत. पण पडू शकतात. तुमच्या वयाले अर्धे तरी काढून ठेवा. अजून आठ दिवस हायेत."

"वाढलेत, तर मग सांगायला कशाला आलीस?"

"आता नाव खरं झालं. मले लाज वाटली."

"म्हणजे चार वर्षं तू मला खोटं सांगत होतीस."

"खोटं नाही, ताई. मलेच समजलं नव्हतं."

"ते तर आणखी वाईट," कुंदाताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. कचेरीतल्या कोणाच्या अर्जावर शेरा मारावा तशा बोलल्या. "यांचे पैसे होते ते. मी तुझ्या तोंडाकडे पाहून दिले. आणि इथं बावीस दिवस रोज बसून चहा पीत होतीस, तेव्हा माहीत होतं ना तुला?"

सत्यशीलानं कप खाली ठेवला. ती उठली. फाटकापर्यंत आली तरी मागून हाक आली नाही.

पंधरा दिवसांनी तिला कळलं की कुंदाताईंनी आपल्या गुंतवणुकीवरचं एजंटचं नाव बदलून घेतलं. पैसे तिथंच ठेवले होते. फक्त सत्यशीलाला काढलं होतं.

लहान गावात एखादं माणूस टाळणं हे रोजचं काम होऊन बसतं. बाजाराच्या दिवशी मेथीच्या ढिगापाशी दोघी समोरासमोर यायच्या आणि कुंदाताई वांग्यांकडे वळायच्या. दुपारी साडेचारला सत्यशीलाला करायला काही नसायचं. ती त्या वेळेला मुद्दाम लांबचं एखादं घर काढायची, म्हणजे रस्त्यावर असावं. पण घरंही कमी झाली होती. सत्तेचाळिसातली सव्वीस गेली. रवीला तिनं फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "अक्का, तू कायले सांगत फिरलीस? कोणी विचारलं होतं का?" धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ती नागपूरला गेली, दीक्षाभूमीवरच्या एवढ्या मोठ्या गर्दीत दिवसभर राहिली, आणि संध्याकाळी एसटीच्या खिडकीशी बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण सकाळपासून तिकीट मागण्यापलीकडे कोणाशी बोललोच नाही.

मग २०२० चा मार्च आला. टाळेबंदी लागली आणि बाजार कोसळला. घाटच तो, आणि सगळा उतार. राहिलेल्या घरांना तिनं एकेक करून फोन केले. ज्यांनी अर्धे काढून ठेवले होते ते शांत होते. कुंदाताईंचा नंबर तिनं तीनदा लावला; उचलला नाही. तिला त्यांना सल्ला द्यायचा आता अधिकारही नव्हता. तरी तिनं वहीचं पान फाडून पत्र लिहिलं: घाबरून सगळं काढू नका, घरखर्चाला लागेल तेवढंच काढा, बाकीला वेळ द्या. तोंडाला रुमाल बांधून गेली, फाटकावरच्या पेटीत नाव घातलेलं पाकीट टाकलं. आत रेडिओ चालू होता. ती दोन मिनिटं थांबली आणि परत आली.

उत्तर आलं नाही. त्या वर्षाअखेरीपर्यंत बाजार पुन्हा वर आला, पुढच्या वर्षी तर आणखी चढला. आता जे तिचं ऐकून अर्धे बाहेर काढून बसले होते ते कुरकुरू लागले. तुमच्यामुळं आमचं वाढायचं राहिलं, म्हणाले. एकट्या खेमसिंगनं कधी विषय काढला नाही.

त्याच सुमारास आणखी एक नाव बदललं. महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या रकमेला डिव्हिडंड म्हणणं बंद झालं. सेबीनं असं नाव लावायला सांगितलं की त्यात तुमचं स्वतःचं भांडवलही परत येत असू शकतं हे उघड दिसावं. सत्यशीलानं ते वाचलं आणि पुन्हा घरोघर गेली. या वेळी तिला कमी लोकांनी बसा म्हटलं. ज्याला लोक व्याज समजत होते त्यात त्यांचेच पैसे त्यांच्या हातात पडत असू शकतात, हे ऐकायला कोणालाच आवडत नाही.

२०२२ च्या हिवाळ्यात एका दुपारी तिच्या दाराची कडी वाजली. दारात कुंदाताई होत्या. काठी टेकत आल्या होत्या. एवढ्या वर्षांच्या ओळखीत या घरात त्या पहिल्यांदाच पाऊल टाकत होत्या. सत्यशीलाला काय करावं सुचेना. तिनं खुर्चीवरची माहितीपत्रकं उचलून कॉटवर टाकली.

कुंदाताई बसल्या. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि त्याखाली गुरुजींचा फोटो होता, तो पाहत राहिल्या. "हे वडील?"

"हो."

"तुझ्यासारखंच नाक." मग म्हणाल्या, "घर विकलं. पुढच्या सोमवारी मिताली न्यायला येते."

सत्यशीलानं चहा टाकला. वेलदोडा घरात नव्हता; आलं घातलं. कुंदाताईंनी बशीत ओतून प्यायला. दोन घोट झाल्यावर म्हणाल्या, "तुझं पत्र मी वाचलं नाही. अक्षर ओळखलं आणि पाकीट तसंच ठेवलं. त्या एप्रिलात मी सगळं काढून टाकलं, अगदी खाली असताना. मिताली घर आवरायला येऊन गेली, तिनं कपाटातून पाकीट काढलं, तेव्हा वाचलं."

"जाऊ द्या आता."

"पैशाचं नाही सांगत मी. पैशाचा मला त्या दिवशीही राग नव्हता." त्यांनी बशी खाली ठेवली. "मला इतकंच कळेना की तू रोज येत होतीस ती माझ्याकडे, की एका खातेदाराकडे. तुझे ते कप्पे असतात ना कागदावर. त्यातल्या कुठल्या कप्प्यात मी होते, हे मला त्या दिवशी कळलं नाही. आणि विचारायची लाज वाटली."

 सत्यशीलाला गोड उत्तर सहज देता आलं असतं.

"पहिले दोन आठवडे कामासाठी आली होती," ती म्हणाली. "मंग नाही. मंग माझ्या घरी कोणी नव्हतं, म्हणून येत होती."

"माझ्यासाठी नाही?"

"तुमच्याशिवाय कोणी नव्हतं, थेच तं सांगून राह्यली, ताई."

कुंदाताईंनी मान डोलावली. डोळ्यांना पदर लावला नाही, काही नाही. जाताना मात्र सत्यशीलाचा हात धरून पायरी उतरल्या, आणि रस्त्यावर आल्यावरही कोपऱ्यापर्यंत सोडला नाही. चार वर्षं वाया घालवली आपण, असं कोणीतरी म्हणायला हवं होतं. 

पुण्याहून सुरुवातीला दर रविवारी फोन यायचा. मग महिन्यातून एकदा. मग मिताली म्हणाली, आईला फोनवर ऐकू येत नाही नीट. सत्यशीला पत्रं लिहू लागली. उत्तरं मितालीच्या अक्षरात येतात, दोन ओळींची. कुंदाताईंच्या घरात आता खताच्या दुकानदाराचं कुटुंब राहतं. त्यांनी अंगणात फरशी घालून घेतली.

आज सत्यशीलाकडे अठरा घरं उरली आहेत. वर्गवारीत पुन्हा बदल व्हायची चर्चा सुरू झाली, तसं तिनं तेही कागद छापून आणले आणि रोज थोडे थोडे वाचले. परवा ग्रामीण रुग्णालयातली राखी नावाची नर्स तिच्याकडे आली. नुकती कायम झाली होती, महिन्याला काही बाजूला टाकायचं होतं.

"सही कुठी करू, मॅडम?"

"आधी ऐकून घे," सत्यशीला म्हणाली, आणि तिला सगळे वर्ग सांगितले. कुठला घाटातून जातो, कुठला सपाटीनं. नावात काय लिहिलेलं असतं, पत्रकावरचा धोक्याचा काटा कुठं पाहायचा, आणि आपले पैसे किती वर्षं लागणार नाहीत हे आधी स्वतःला कसं विचारायचं. तास गेला. राखीनं तीनदा घड्याळ पाहिलं.

"मॅडम, हे मोबाइलवर पाच मिनिटांत होते ना?"

"होते."

"मंग तुम्ही रागावू नका, मी तिथंच करून घेईन. तुमचं सगळं ध्यानात ठेवीन."

"रागावत नाही वं. फक्त बटन दाबाच्या आधी पूर्ण नाव वाचजो. बारीक अक्षरातलं बी."

राखी हसून "हो" म्हणाली, स्कूटीला किक मारून गेली. सत्यशीला ओट्यावर उभी राहिली. गल्लीत कोणीतरी सोयाबीनची पोती उतरवत होतं, समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली. दिवसभराचं बोलायचं सगळं बोलून झालं होतं, आणि संध्याकाळचे साडेपाचच वाजले होते.